वय आहे की आजार? आईबापांचा नेहमीचा प्रश्न

रावेरकडची एक आई पोऱ्याला घेऊन आली, दहावीतला (ओळख पटेल असं सगळं बदललंय). तक्रार काय तर दार आपटतो, उलटं बोलतो, केस कसेतरीच कापून आलाय, बापाशी तर धड बोलतच नाही, मॅडम हा डिप्रेशनमधे गेलाय का?

जेवतो का विचारलं तर म्हणे शेवभाजी असली की चार पोळ्या. मित्र आहेत, क्लासला जातो, क्रिकेट चालू, झोप भरपूर. भांडण फक्त घरात आणि तेही जास्त करून बापाशी, कारण बाप रोज मोबाईल चेक करतो. हा वैतागलाय, आजारी नाही. बापाशी मीच बोलते म्हटलं.

उठता उठता ती म्हणाली, माझ्या नणंदेचा पोऱ्या बघा, बारावीला आहे पण किती शांत, खोलीतून बाहेर पण येत नाही. मी तिला परत बसवलं.

त्या नणंदेच्या पोऱ्याचं दोनतीन महिन्यांपासून कॉलेजला जाणं बंद, मित्रांचे फोन उचलत नाही, रात्रभर जागा, आंघोळ करायला सांगावं लागतं, खिडक्या बंद ठेवतो कारण शेजारचे आपल्याबद्दलच बोलतात म्हणे, आणि मधेच एकटा हसतो. घरच्यांनी नजर उतरवली, भगत झाला, बाकी सगळे म्हणत होते वय आहे, निघेल. अडचण अशी की सायकोसिससारखे (खरं काय आणि भास काय यातला फरक कळेनासा होतो ते) आजार बऱ्याचदा याच वयात सुरू होतात म्हणून आईबाप फसतात, आणि जो आवाज करत नाही त्याच्याकडे तर कोणाचं लक्षच जात नाही.

मी एवढंच बघते की सहा महिन्यांपूर्वीचा पोऱ्या आणि आजचा पोऱ्या यात किती फरक पडलाय, आणि तो फक्त घरात दिसतो की शाळा, मित्र, झोप, जेवण सगळीकडे. उदासी दोन आठवडे रोज टिकली तरी दाखवायचं. मरायचं बोलला तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

त्या मुलाला जळगावला सिव्हिलच्या मानसोपचार विभागात पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. आता कॉलेजला जातो, रोज नाही. आजी अजून भगताकडे नेते, नेऊ द्या, पण बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत हे मी त्याच्या आईला दर भेटीत परत सांगते.