इन्फ्रारेड कॅमेरा कमांडने चालवायचा म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न असा आहे : “मी जळगावला एम.एस्सी. फिजिक्स करतोय. दुर्बिणीवरचा इन्फ्रारेड कॅमेरा सॉफ्टवेअर कमांडने चालवतात म्हणजे काय करतात? प्रोग्रॅमिंग किती यावं लागतं? घरी सराव करता येईल का?”

मी मूळचा चोपडा तालुक्यातला. पीएचडीच्या काळात बंगळूरजवळच्या होसकोटे केंद्रातून लडाखमधल्या हानलेच्या २ मीटर दुर्बिणीवर काम केलं. दुर्बीण सुमारे ४५०० मीटर उंचीवर, आपण खाली खोलीत संगणकासमोर, आणि मधे उपग्रहाचा दुवा. त्यामुळे कमांडशिवाय दुसरा मार्गच नसतो.

कमांड फार थोड्या असतात. फिल्टर बदल, एक्सपोजर किती सेकंदांचं ते ठरव, किती फ्रेम हव्यात ते सांग, एक्सपोजर सुरू कर, मधेच थांबव, सध्याची स्थिती विचार. प्रत्येक कॅमेऱ्याची शब्दरचना वेगळी, पण एका संध्याकाळी पाठ होते. खरा अभ्यास दोन कमांडच्या मधे डिटेक्टर, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप, काय करतो याचा आहे, आणि तुमचं फिजिक्स तिथेच कामाला येतं.

दृश्य प्रकाशासाठी वापरतात त्या साध्या सीसीडी चिपमध्ये साठलेला चार्ज एकदा वाचला की संपतो. इन्फ्रारेड डिटेक्टर मात्र चार्ज न हलवता पुन्हा पुन्हा वाचता येतो, आणि त्याला बहुधा यांत्रिक शटर नसतं. म्हणून ‘एक्सपोज’ म्हटल्यावर आधी रीसेट होतो, लगेच एक वाचन होतं, ठरलेल्या वेळेनंतर दुसरं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमचा सिग्नल, त्यात रीसेटचा नॉइज निघून जातो. मधे आणखी वाचनं घेतली तर चार्ज वाढत जाणारी रेषा मिळते. कॉस्मिक किरण आदळला तर त्या रेषेत अचानक उडी दिसते. तारा शेवटी सॅच्युरेट झाला तरी सुरुवातीच्या वाचनांतून त्याची तेजस्विता काढता येते. म्हणून कमांडमध्ये वेळेबरोबर वाचनांची संख्याही द्यावी लागते, आणि नवखी मंडळी नेमकी तीच डीफॉल्टवर सोडतात.

दुसरी गोष्ट आकाशाची. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा भिंत, रस्ता, आपण स्वतः, सगळंच इन्फ्रारेडमध्ये चमकत असतं. त्या तापमानाचं सर्वाधिक उत्सर्जन ९ मायक्रॉनच्या आसपास, पण त्याची शेपटी २.२ मायक्रॉनच्या के बँडपर्यंत येते (बँड म्हणजे फिल्टरमधून जाणारा तरंगलांबीचा पट्टा). दुर्बिणीचा आरसासुद्धा उबदार असला तर तोच उजेड टाकतो. डिटेक्टर स्वतःच चमकू नये म्हणून निर्वात डब्यात द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनच्या जवळ ठेवतात. ५ मायक्रॉनपर्यंत पाहणारे इंडियम अँटिमोनाइडचे डिटेक्टर त्याहूनही थंड, साधारण ३५ केल्विनला. १.६ मायक्रॉनच्या एच बँडमध्ये वेगळीच अडचण : वर ८५-९० किलोमीटरवर हायड्रॉक्सिल रेणू चमकत असतात आणि ती चमक काही मिनिटांत बदलते.

म्हणून के बँडमध्ये १० मिनिटांचं एक्सपोजर हवं असेल तर ६०० सेकंद एकदम देऊ नका, आकाशच डिटेक्टर भरून टाकेल. २० सेकंदांच्या ३० फ्रेम घ्या आणि दर काही फ्रेमनंतर दुर्बीण काही आर्कसेकंद सरकवा. याला डिदर म्हणतात. तारे जागा बदलतात, आकाश आणि खराब पिक्सेल तिथेच राहतात, त्यामुळे फ्रेम्सचा मीडियन काढला की आकाश हाती लागतं आणि ते वजा करता येतं. मृगातल्या तेजोमेघासारखं पसरट लक्ष्य असेल तर ही युक्ती चालत नाही. मग दुर्बीण बाजूच्या मोकळ्या आकाशाकडे नेऊन वेगळ्या फ्रेम घ्याव्या लागतात. २मास सर्वेक्षणानं १९९७ ते २००१ मध्ये सगळं आकाश असंच टिपलं : १.३ सेकंदांच्या सहा फ्रेम, प्रत्येक जागेला एकूण ७.८ सेकंद.

हे हातानं टाइप करत बसणं शक्य नाही, म्हणून स्क्रिप्ट. पायथनमधला लूप, फाइल वाचणं-लिहिणं, एरर हाताळणं, एवढं प्रोग्रॅमिंग पुरतं. पण एक सवय आतापासून लावा : कमांड दिली म्हणजे काम झालं असं धरू नका. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात मोबाइल स्टार्टरनं मोटर सुरू झाल्याचा मेसेज येतो, तरी शेतकरी ड्रिपच्या शेवटच्या नळीला पाणी पोचलं का ते जाऊन बघतो. इथेही तसंच. दुर्बीण सरकवल्यावर ती स्थिर झाल्याचं उत्तर येईपर्यंत थांबा, मग एक्सपोजर, मग कॅमेरा मोकळा झाल्याचं उत्तर, मग फाइल खरंच तयार झाली का. फिल्टर चक्राचं तर विशेष. काही यंत्रणांत फाइलच्या हेडरमध्ये मागितलेला फिल्टर लिहिला जातो, प्रत्यक्षात बसलेला नाही. ‘जे’ बँडवरून (१.२५ मायक्रॉन) ‘के’ बँडवर गेल्यावर पार्श्वभूमीचे काउंट ठळक वाढायला हवेत. नाही वाढले तर काम तिथेच थांबवा.

क्रमही महत्त्वाचा. तेजस्वी ताऱ्याची सावली पुढच्या फ्रेममध्ये रेंगाळते, म्हणून मंद लक्ष्य आधी, झगझगीत तारा नंतर. त्या रात्री वापरलेल्या प्रत्येक एक्सपोजर वेळेचे डार्क, म्हणजे डिटेक्टरवर प्रकाश न पडू देता घेतलेल्या फ्रेम, विसरू नका.

घरी सराव नक्की होतो. लिनक्सवर इंडी हे मोफत सॉफ्टवेअर टाका, त्यात दुर्बीण, कॅमेरा आणि फिल्टर चक्र यांचे सिम्युलेटर आहेत. वर सांगितलेली सगळी स्क्रिप्ट त्यावर चालवून बघता येते, मुद्दाम जोडणी तोडून ती कशी वागते तेही. खरा डेटा हवा तर ईएसओ आणि जेमिनी या वेधशाळांच्या संग्रहांतून इन्फ्रारेडच्या कच्च्या फ्रेम्स उतरवा आणि ॲस्ट्रोपाय या पायथनच्या खगोल लायब्ररीनं आकाश वजा करून पाहा. सराव म्हणून कॅमेरा विकत घ्यायच्या फंदात पडू नका. नेहमीच्या खगोल कॅमेऱ्यातला सिलिकॉन सेन्सर १.१ मायक्रॉनच्या पुढे आंधळा असतो. तो तोरणमाळला नेऊन इन्फ्रारेड फिल्टर लावून चंद्र-गुरू छान टिपता येतील, पण के बँड त्यात कधीच दिसणार नाही.