वजन उतरवायचंय? आधी हे बघ

भाऊ, वजन घटलं की बेसबॉलचा खेळ सुधारतोच असं नाही. व्लादिमिर गुरेरो ज्युनियर या फलंदाजाने जवळपास 19 किलो उतरवले आणि 2021 च्या हंगामात 48 होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) ठोकले. पण बार्टोलो कोलोन चांगला जाडजूड होता, तरी 2016 मध्ये, वयाच्या 43व्या वर्षी, पिचर (चेंडू फेकणारा) म्हणून त्याच्या नावावर 15 विजय लागले. त्याचं सगळं बळ अचूक फेकीत होतं.

म्हणून नुसता काटा बघू नकोस. होमपासून (फलंदाज उभा राहतो तिथून) पहिल्या बेसपर्यंतचे (धावताना गाठायचा पहिला टप्पा) 27.4 मीटर किती सेकंदांत कापतोस, ते दर आठवड्याला वहीत लिही. वेळ कमी होतोय आणि फेकीचा जोर टिकून आहे, म्हणजे बरोबर चाललंय. जोर घटला तर चरबीबरोबर स्नायूही चाललेत.

नवी पोरं हमखास इथे चुकतात:

- भाकरी एकदम बंद. कळण्याची भाकरी, मठाची उसळ, अंडी पोटभर खा. बट्टीवरचं तूप आणि शेवभाजीची तर्री तेवढी आवर.
- मे महिन्यात जळगावच्या उन्हात जर्किन घालून पळणं. त्यात उतरतं ते फक्त पाणी, आणि ऊन लागलं तर जिवावर बेततं. हे अजिबात करू नकोस.
- स्पर्धेच्या तोंडावर उपास.

आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाला. पावडरी-बिवडरींचं पुढे बघू.