दूरसंचाराच्या केबल नेमके कोण तोडते आणि कशासाठी?

प्रश्न : आमच्या सोसायटीतील इंटरनेट दोन महिन्यांत तीनदा बंद पडले आणि दर वेळी ‘कोणीतरी केबल तोडली’ एवढेच उत्तर मिळाले. देशाच्या दूरसंचार यंत्रणेची ही तोडफोड कोण करते, का करते आणि त्याला शिक्षा होत नाही का?

उत्तर : मी गेली पंधरा वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे काचेच्या बारीक तारांतून प्रकाशाने संदेश नेणाऱ्या केबलच्या, देखभालीचे काम करतो. राहायला कळव्यात आहे, आणि ‘लिंक डाउन आहे, निघा’ असा रात्री-अपरात्री ज्याला फोन येतो, तो मी. तुम्हाला मिळालेले उत्तर खोटे नसावे, पण ते फार ढोबळ आहे. खोदकामात तुटलेली, चोरीसाठी कापलेली आणि रागाने जाळलेली अशा तिन्ही केबल ‘तोडली’ या एकाच शब्दात कोंबल्या जातात. प्रत्यक्षात तिन्ही ठिकाणी माणूस वेगळा असतो आणि इलाजही वेगळा असतो.

संख्येने सर्वांत मोठा वाटा खोदकामाचा आहे. २२ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे खोदण्याआधी जमिनीखालच्या केबल-पाइपच्या मालकांना कळवण्याचे ॲप सुरू केले, तेव्हा देशात दरवर्षी सुमारे १० लाख वेळा फायबर तुटते आणि त्यातून जवळपास ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारनेच सांगितले होते. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे काम, गटाराचे काम आणि पाण्याची लाइन यांपैकी काही ना काही चालू नाही असा महिना मला आठवत नाही. ॲपची माहिती कंत्राटदाराच्या कार्यालयापर्यंत पोहोचली असली, तरी जेसीबीवर बसलेल्या चालकापर्यंत ती पोहोचतेच असे नाही. शिवाय जेसीबीचा दात केबल कापत नाही, ओढतो. त्यामुळे खड्ड्यात एक टोक दिसत असले, तरी आतली काच पन्नास मीटर पलीकडेही तुटलेली असू शकते. त्या मानाने चोराचा काप स्वच्छ असतो, हे मी काहीसे खेदानेच लिहीत आहे.

चोरीचे एक उदाहरण जवळून सांगतो. मागे एका जुलै महिन्यात रात्री दोनच्या सुमारास रबाळ्याजवळची एक लिंक गेली. अशा वेळी आम्ही एका टोकाला ओटीडीआर हे यंत्र जोडतो. ते फायबरमध्ये प्रकाश सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तूट किती अंतरावर आहे ते दाखवते. हे अंतर फायबरचे असते, रस्त्याचे नव्हे, आणि वाटेतल्या चेंबरमध्ये, म्हणजे केबलसाठी जमिनीत केलेल्या झाकणाच्या खड्ड्यात, केबलची वेटोळी ठेवलेली असल्यामुळे शेवटचे दोनशे मीटर टॉर्च घेऊन चालावेच लागते. नाल्यावरच्या लहान पुलाला लागून केबल लोखंडी पाइपमधून जात होती. पाइपचे तोंड फोडून, हॅक्सॉ ब्लेडने साधारण तीन मीटरचा तुकडा कापून काढलेला होता. तो तुकडा खाली नाल्याच्या काठावरच पडलेला सापडला. त्याचे काळे आवरण एका टोकाला वीतभर सोललेले होते आणि आतून पिवळट धागे, चिकट जेली आणि रंगीत केसांसारख्या काचेच्या तारा बाहेर आल्या होत्या. तांबे शोधायला आलेल्या माणसाने आत काय आहे ते पाहिले आणि माल तिथेच टाकून तो निघून गेला.

केबल ४८ कोअरची, म्हणजे काचेच्या ४८ तारांची होती; बारा-बारा कोअरच्या चार ट्यूब. केबल नुसती कापली गेली असती आणि जवळच्या चेंबरमध्ये पुरेशी शिल्लक असती, तर ती ओढून एका जागी जोडता आली असती. मधला तुकडाच गेल्यामुळे नवा तुकडा घालून दोन्ही टोकांना जोड द्यावे लागले, म्हणजे ४८ ऐवजी ९६ जोड. प्रत्येक कोअर सोलायची, अल्कोहोलने पुसायची, तिचे टोक अचूक काटकोनात कापायचे आणि मग मशीनमध्ये ठेवून वितळवून जोडायची. काचेची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग असते, त्यामुळे पावसाचा एक थेंब किंवा धुळीचा कण मध्ये आला तरी जोड पुन्हा करावा लागतो. ताडपत्रीखाली निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे रंग मोजत आम्ही सकाळपर्यंत बसलो होतो. चोराच्या हाती काहीही लागले नव्हते.

जमिनीतल्या प्रत्येक केबलमध्ये तांबे असते, हा गैरसमज केवळ आपल्याकडचा नाही. मार्च २०११ मध्ये जॉर्जियात भंगारातले तांबे शोधणाऱ्या एका ७५ वर्षांच्या बाईकडून जमिनीतली फायबर केबल तुटली आणि शेजारच्या आर्मेनिया देशाच्या बहुतांश भागातले इंटरनेट काही तास बंद पडले. आपल्याकडे तारांच्या चोरीचा त्रास इतका जुना आहे की टेलिग्राफच्या तांब्याच्या तारा बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९५० मध्येच स्वतंत्र कायदा करावा लागला. टॉवरवर मात्र चोराला खरोखरच विकण्याजोगा माल मिळतो. तिथल्या बॅटऱ्यांत शिसे असते आणि जनरेटरमध्ये डिझेल असते. बॅटऱ्या गेलेला टॉवर वीज असेपर्यंत नीट चालतो, त्यामुळे चोरी कधीकधी पुढच्या वीजकपातीलाच उघडकीस येते.

तिसरा प्रकार जाणूनबुजून केलेल्या तोडफोडीचा. डिसेंबर २०२० मध्ये कृषी कायद्यांवरील संतापातून पंजाबात जिओच्या दीड हजारांहून अधिक टॉवरचे नुकसान करण्यात आले. कुठे वीज तोडली गेली, कुठे केबल कापली गेली. आंदोलनाला सहानुभूती असलेल्या तत्कालीन मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनाही तोडफोड थांबवण्याचे आवाहन आणि पोलिसांना कारवाईचे आदेश द्यावे लागले, कारण करोनाच्या त्या काळात मुलांची शाळा मोबाइलवरच भरत होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘फाइव्ह-जीमुळे करोना पसरतो’ या अफवेवरून टॉवर जाळले गेले. त्यांतील काहींवर फाइव्ह-जी नव्हतेच. जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिक चालू असताना फ्रान्समध्ये अनेक ठिकाणी एकाच रात्री फायबर कापले गेले. तुमच्या सोसायटीच्या बाबतीत मात्र असे कारण असण्याची शक्यता मला अगदीच कमी वाटते.

एक केबल तुटल्यावर सगळेच का बंद पडते, हेही तुमच्या प्रश्नात दडलेले आहे. मोठ्या जाळ्यात रिंग असते, म्हणजे एक बाजू तुटली तर वाहतूक दुसऱ्या बाजूने फिरते. पण तुमच्या इमारतीपर्यंतचा शेवटचा टप्पा बहुधा एकेरीच असतो. रिंगमध्येही एक मेख आहे. ठाण्याहून किंवा मुंबईहून नवी मुंबईत यायचे तर खाडी ओलांडावी लागते आणि कळवा, ऐरोली, वाशी असे मोजकेच पूल हाताशी असतात. नकाशावर दोन वेगळ्या रंगांत दाखवलेले मार्ग पुलावर एकाच डक्टमधून, म्हणजे केबलच्या एकाच नळीतून, गेलेले मी स्वतः पाहिले आहेत.

आता शिक्षेबद्दल. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातही हेतुपुरस्सर नुकसानीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद होती. दूरसंचार अधिनियम, २०२३ चे कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून लागू झाले आहे. त्यानुसार सरकारने ‘अतिमहत्त्वाची’ म्हणून घोषित केलेल्या यंत्रणेचे नुकसान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इतर यंत्रणेच्या बाबतीत नुकसानभरपाई आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. रकमा मोठ्या आहेत, परंतु तक्रार द्यायला गेल्यावर पहिला प्रश्न ‘चोरीस गेलेल्या मालाची किंमत किती?’ हाच असतो. तीन मीटर केबलची किंमत काही शे रुपये. बंद पडलेल्या कार्यालयांचा आणि एटीएमचा उल्लेख पंचनाम्यात येत नाही, आरोपीच्या जागी ‘अज्ञात इसम’ असतो आणि प्रकरण फाइलमध्ये राहते. माझ्या मते दंड आणखी वाढवून काही साधणार नाही. तपासणी भंगाराच्या गोदामात आणि खोदकामाची परवानगी देणाऱ्या टेबलावर व्हायला हवी.

तुमच्या भागात रात्री कोणी चेंबर उघडून बसलेले दिसले, तर ११२ वर जरूर कळवा. मात्र आधी क्षणभर पाहा, कारण आम्हीही रात्रीच काम करतो. चोर एका जागी बसत नाही. आम्ही दिवा लावून, डोके खाली घालून तासन्‌तास बसलेलो असतो आणि जवळ स्प्लायसिंगचे, म्हणजे तारा जोडण्याचे, मशीन असते. ऐरोलीत एकदा वरच्या मजल्यावरून कोणीतरी आमच्यावरच पोलीस बोलावले होते. ओळखपत्रे पाहून झाल्यावर हवालदारसाहेब बराच वेळ शेजारी उभे राहिले आणि जाताना म्हणाले, ‘‘पण यात तांबे असते कुठे?’’