'काँगो', 'काँगा' आणि 'गोमा'

प्रश्न असा आला आहे: ऑर्केस्ट्रात आपण ज्याला 'काँगो' म्हणतो ते वाद्य काँगो देशातलं का? आणि गुजरातेतल्या सिद्दींच्या, म्हणजे पूर्वी आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या, 'गोमा' नाचाचं नाव आपल्या 'घुमणे'वरून आलं असेल का?

आधी काँगो. हे उभं, लांबट वाद्य क्युबाचं, आणि तिथले वादक त्याला 'तुंबादोरा' म्हणतात. 'काँगा' हे क्युबात कार्निव्हलच्या मिरवणुकीचं आणि तिच्या तालाचं नाव. बाहेरच्या जगात ते वाद्यालाच चिकटलं. बहुतेक कोश हा शब्द स्पॅनिश 'काँगो'चं स्त्रीलिंगी रूप मानतात, म्हणजे 'काँगोची'. पण हा काँगो म्हणजे आजचा देश नव्हे. काँगो नदीच्या मुलखातून गुलाम करून आणलेल्या माणसांना क्युबात सरसकट 'काँगो' म्हणत. नाव पडलं ते त्या माणसांवरून.

मग मराठीत शेवटी 'ओ' कुठून आला? माझ्या मते शेजारच्या बोंगोमुळे, म्हणजे त्याच्यासोबत वाजणाऱ्या छोट्या जोडढोलामुळे. ढोल-ताशा, पेटी-तबला अशी जोडीनं नावं घ्यायची आपली सवय. 'बोंगो-काँगा' म्हणताना जीभ अडखळते, 'बोंगो-काँगो' एका दमात निघतं. गंमत म्हणजे या चुकीनं शब्द पुन्हा मुळापाशी जाऊन बसला.

पूर्वी या ढोलाचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असे. सूर उतरला की ते विस्तवावर धरायचं. आपला हलगीवाला काय वेगळं करतो? काटक्या-कागद पेटवतो, हलगी शेकतो, टिचकी मारून आवाज बघतो, पुन्हा शेकतो. सूर लावायच्या लोखंडी चाव्या काँगोला विसाव्या शतकात आल्या.

उत्तर अमेरिकेतली कथा वेगळी, आणि ती वाचताना माझ्या पोटात तुटतं. 1739 मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला, तो ढोल वाजवत. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्यानं गुलामांच्या ढोलांवर बंदी आणली. ताल टाळ्यांत आणि पायांच्या ठेक्यात जिवंत राहिला. क्युबात मात्र ढोल टिकले. म्हणूनच 1947 मध्ये चानो पोसो हा क्युबन वादक न्यूयॉर्कमध्ये डिझी गिलेस्पीच्या जॅझ ताफ्यात काँगा घेऊन आला, तेव्हा ते संगीत कानाला नवं वाटलं. त्याच सुमारास मुंबईतही ही वाद्यं रुजत होती. तालवादक कावस लॉर्ड यांनी ती सिनेसंगीतात आणली, आणि सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (1951) 'शोला जो भडके'ला बोंगोची साथ आहे.

आता 'गोमा'. 'घुमणे'शी त्याचा संबंध नाही. आपलं 'घुमणे' आवाजाच्या अनुकरणातून आलेलं दिसतं, आणि गोव्याचा 'घुमट' कानाला जवळचा वाटतो म्हणून ही शंका येणं साहजिक आहे. पण आफ्रिकेतल्या बांटू कुळातल्या कितीतरी भाषांत ढोलाला 'ङ्गोमा' किंवा त्याच्या जवळपासचा शब्द आहे. स्वाहिलीत 'ङ्गोमा' म्हणजे ढोल, नाच आणि नाचगाण्याचा सगळा सोहळासुद्धा. झुलूत 'इंगोमा' म्हणजे गाणं. इतक्या भाषांत, इतक्या दूरवर पसरलेला शब्द मराठीतून तिकडे गेला असं म्हणता येत नाही. तो सिद्दींबरोबर इकडे आला.

शब्दाचा आरंभ 'ङ'नं करायची सवय आपल्या भाषांना नाही. वर्णमालेत आपण ङ घोकतो, पण ङ-नं सुरू होणारा एक मराठी शब्द सांगा पाहू! गुजरातीतही तीच अडचण. म्हणून पुढचा अनुनासिक गळला आणि उरला 'गोमा'. भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यावर सिद्दी आजही गोमा करतात, त्यालाच धमालही म्हणतात. साथीला 'मुगरमान' हा पायांवर उभा राहणारा मोठा ढोल असतो. नाच रंगात आला की नारळ वर उडवून डोक्यावर फोडतात.

हाच शब्द अटलांटिकपलीकडेही गेला. ब्राझीलच्या जोंगो नाचात ढोलांना 'अंगोमा' म्हणतात. तिथे अनुनासिक गळला नाही, त्याच्याआधी 'अ' येऊन बसला.

लिहिताना मी 'काँगो'च लिहीन. वाजवणारे तसंच म्हणतात, आणि तो उच्चार मराठीत पक्का झाला आहे. क्युबाच्या संगीतावर लिहायचं असेल तर 'काँगा' किंवा 'तुंबादोरा' वापरा.