विचारा ताईला : आधी रक्त तपास, जिमची फी नंतर भर

प्रश्न : ताई नमस्कार, मी लातूरची, वय 36, वजन 68, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. मोठी पोरगी चौथीत, बारका बालवाडीत. पहाटे पाचला उठते, चार डबे, सासूबाईंना शुगर आहे म्हणून त्यांचं वेगळं, मग लेकरांना स्कूटीवर सोडून साडेदहाला काउंटरवर, ते साडेसहापर्यंत खुर्चीतच. घरी आलं की परत गॅसपुढं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, येतं तेव्हा कधी रात्री एकला तर कधी पहाटे, मोटर लावायला मीच उठते. दोन वर्षांत 9 किलो वाढलेत, जिना चढला तरी धाप लागायलीय, केस गळायलेत अन् चिडचिड तर इतकी की मागच्या आठवड्यात पाढे चुकले म्हणून पोरीच्या पाठीत धपाटा घातला आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. जिमची तीन महिन्यांची फी भरली, गेले फक्त अकरा दिवस. सोमवार-गुरुवार उपवास करते, भाकरी पण सोडून बघितली, काही फरक नाही. मीच आळशी आहे का? एखादा डाएट प्लॅन सांगा. (नाव छापू नका, आमच्या ऑफिसात हा अंक येतो.)

उत्तर : अगं बाई, रात्री एकला मोटर लावून पाचला परत उठणारी आळशी असेल तर आम्ही कुठं तोंड लपवायचं! प्लॅन बिन राहू दे जरा, मी तुझ्या पत्रात धाप आणि केस या दोन शब्दांवरच अडकले. तू ते सगळं वजनाच्या खात्यावर टाकलंस, मीही टाकलं होतं. मी शाळेत पीटीची मॅडम, पोरींना ग्राउंडला चकरा मारायला लावायची आणि स्वतः शिट्टी वाजवून दमायची, वय झालं म्हणून सोडून दिलं आणि शेवटी तपासलं तर हिमोग्लोबिन 8. बाईचं 12 च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं ते कमीच निघालंय, म्हणजे तू काही एकटी नाहीस. तर या आठवड्यात सीबीसी (हिमोग्लोबिन दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइडची टीएसएच आणि शुगर एवढं करून घे, रिपोर्ट डॉक्टरला दाखव आणि पाळी जास्त जात असेल तर तेही तोंड उघडून सांग, आपण "बायकांना असतंयच" म्हणून गप बसतो. थायरॉइड मंद झालं तरी वजन, थकवा, केस, असंच सगळं होतं आणि मग जिममध्ये कितीही घाम गाळला तरी माणूस स्वतःलाच शिव्या देत बसतं. लोहाची गोळी दिली तर चहासोबत घ्यायची नाही, चहा तासभर तरी लांब ठेव, लिंबू पिळलेलं पाणी चालतं. थायरॉइडची पण निघाली तर दोन्ही गोळ्यांत चार तासांचं अंतर.

आता खाण्याचं. एवढं मोठं पत्र लिहिलंस पण त्यात तू काय खातेस ते कुठंच नाही. चार डबे म्हणालीस, त्यातला तुझा कितवा? मला वाटतंय सकाळी चहा-खारी, दुपारी उरलंसुरलं आणि रात्री दहाला सगळ्यांची ताटं झाल्यावर पातेल्यातलं खरडून. भाकरी कशाला सोडलीस गं, आपल्या ज्वारीनं कुणाचं काय वाईट केलंय? भाकरी सुटली की चार वाजता बिस्किटाचा पुडा फुटतो, मी खूप जणींचं बघितलंय. दोन वेळा भाकरी खा, फक्त तिच्यासोबतचं कोरड्यास घट्ट पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) हिशोबानं माणसाला किलोमागं दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे तुला 55 च्या आसपास. एका अंड्यात 6, मूठभर शेंगदाण्यात 7, वाटीभर मटकीच्या उसळीत किंवा घट्ट वरणात साधारण 7-8, बाकी भाकरी आणि दह्या-ताकातून निघतं. पावडरचे डबे आणू नकोस, ते पैसे आठवडी बाजारात हुलगे, मटकी, मेथी आणि करडईच्या भाजीला घाल. आणि उपवास, देवाबद्दल मला काही बोलायचं नाही, पण साबुदाण्यात पिठाशिवाय जवळजवळ काहीच नसतं, वरून तूप-बटाटा, आठवड्यातून दोनदा. त्यापेक्षा भगर आणि शेंगदाण्याची आमटी खा नाहीतर एक वार कमी कर, मला सासूबाईंचा फोन आला तरी चालेल.

व्यायामाला जिम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान 150 मिनिटं दमदार चालणं किंवा तसं काही आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, आणि पूर्वी सलग 10 मिनिटं तरी पाहिजेत म्हणायचे ती अट 2020 मध्ये काढून टाकली. म्हणजे दुपारी जेवल्यावर पतसंस्थेच्या आवारात दहा मिनिटं, रात्री जेवल्यावर स्लॅबवर पंधरा, झालं की. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. घरकामात दिवसभर राबतो तोच व्यायाम असं खूप जणी लिहितात, राबणं होतं खरं पण भांडी घासताना अख्खी लावणी म्हणता येते ना, मग. ताकदीसाठी बिनहाताच्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, थांबून परत दहा. भिंतीला हात टेकून जोर काढायचे. तेलाचा पाच लिटरचा कॅन पाण्यानं भरून गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून उचलायचा. गुडघा कुरकुरला तर कमी कर पण सोडू नकोस. साडीवर बूट घालायची लाज वाटत असेल तर पहिले चार दिवस वाटेल, नंतर शेजारीणच कुठून घेतले म्हणून विचारेल. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळी सातच्या आत नाहीतर रात्रीच, आपल्याकडचं 42 चं ऊन काय असतंय ते तुला सांगायला नको.

ज्या रात्री पाणी येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यायाम बंद, लवकर झोप. आणि ती मोटर एक आड एक नवऱ्याकडं दे, तेही सांगून, रुसून नाही. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि तीही गोडाची-तळलेल्याची, राग तर नाकावरच असतो. पाढ्यांचा धपाटा त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशीचाच होता का, आठवून बघ जरा. पोरीला जवळ घेऊन "मम्मीचं चुकलं" असं सरळ म्हण, लेकरं मोठ्या मनाची असतात. घरी आल्यावर स्कूटी स्टँडवर लावून पाच मिनिटं तशीच बस, पाणी पी, मग दार वाजव. मात्र दोन आठवडे होऊनही रडू येत असेल, काहीच गोड लागत नसेल, जगणं नको असे विचार येत असतील तर माझ्या पुढच्या अंकाची वाट बघू नकोस, टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात.

वजन सगळ्यात शेवटी हलेल. महिन्याला एक किलो गेला तरी खूप, रोज काट्यावर चढू नकोस. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत तर काटा पलंगाखालीच सरकव, सोळा भाज्या करणाऱ्या बाईला कुणी काही विचारू नये.

प्रश्न : दुसऱ्या बाळंतपणाला दीड वर्ष झालं. शिंकलं, खोकलं, बाळाला उचललं की थोडी लघवी होते. बाहेर जायचं असलं की मी पाणीच पीत नाही. व्यायाम कसा करणार? कुणाला सांगायची लाज वाटते. (नांदेड)

उत्तर : लिहिलंस हे लई चांगलं केलंस, कारण हे जितक्या जणींना असतंय तितक्या जणी बोलत नाहीत. बाळंतपणात ओटीपोटाच्या खालचे स्नायू सैल पडतात, ते परत आवळता येतात. लघवी आणि गॅस दोन्ही एकदम धरून ठेवल्यासारखं आत-वर ओढायचं, पाचपर्यंत मोजायचं, सैल सोडायचं, तेवढाच वेळ थांबायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, भाकरी थापताना पण होतं, कुणाला कळत सुद्धा नाही. श्वास कोंडू नको आणि मांड्या-पोट आवळू नको. लघवी करताना मधेच थांबवून सराव करू नकोस, ते बरोबर नाही. तीन महिने नेटानं केलं तर बऱ्याच जणींना फरक पडतो, त्याच्या आधी सोडायचं नाही. तोवर दोरीवरच्या उड्या नको, चालणं चालेल. पाणी तोडू नकोस, लघवी घट्ट होऊन जळजळ वाढते. जळजळ, ताप किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर बाईच्या डॉक्टरकडं जाच.

प्रश्न : मी पुरुष आहे तरी लिहितोय. बायको नोकरी करते, हल्ली सारखी चिडते. वाढदिवसाला योगा मॅट आणि फिटनेस घड्याळ दिलं तर आणखीच चिडली. काय चुकलं? (बीड)

उत्तर : दादा, मॅट चांगली आहे, ती अंथरायला वेळ नव्हता. सोमवारपासून सकाळी सहा ते साडेसहा स्वयंपाकघर तुमचं. डबे भरा, लेकरांना उठवा, तिला आवाज देऊन मीठ कुठंय, झारा कुठंय विचारू नका, शोधा. घड्याळात मग पावलं आपोआप दिसतील. आणि हो, डबे भरून झाल्यावर ओटा पण पुसायचा असतो.