वळतं करू नकोस

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीने, दुसऱ्यांदा थोडं चिडून. राग तुझा नाही, पत्राच्या शेवटच्या ओळीचा आला. “सर, पण समोरचेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीतच ना?” ही ओळ मी स्वतः इतक्या वेळा लिहिली आहे की लांबून ओळखतो.

तू सांगतेस ते आधी मांडून बघतो. तुमच्या नेत्याने सभेत विरोधकांवर आरोप केला की नातेवाइकांच्या संस्थांना कामं वाटली. भाषणाचे मुद्दे तू काढून दिलेस. त्याच मुद्द्यांसाठी आदल्या रात्री कागद चाळताना तुमच्याच नेत्याच्या मेहुण्याला मिळालेल्या कामाचा आदेश तुझ्या हाती लागला. तू तो जागच्या जागी ठेवून दिलास. सभा झाली, टाळ्या पडल्या. आता विचारतेस की, हे बोलताना त्यांना आतून काहीच होत नसेल का, आणि मी इथे राहू की जाऊ?

राहायचं की जायचं हे मी सांगणार नाही. ते विचारून घ्यायची गोष्टच नाही.

आतून काही होतं का, हे मात्र सांगू शकतो, एकोणीस वर्षं मी त्याच टेबलावर काढली आहेत. दुष्यंताची गोष्ट आठव. नाटकातली नको, तिथे शाप आणि अंगठी आणून राजाची सुटका केली आहे. महाभारतातली आठव. तिथे त्याला सगळं आठवत असतं. तरी भरसभेत तो शकुंतलेला म्हणतो, मी तुला ओळखत नाही, आणि वर तिलाच खोटारडी ठरवतो. तेव्हा ती सुनावते की राजा, दुसऱ्याची मोहरीएवढी छिद्रं तुला दिसतात, स्वतःची बेलफळाएवढी बघत असूनही दिसत नाहीत. ‘पश्यन्नपि’. बघत असूनही! माझा अनुभव असा की पहिल्या सभेत माणसाला पक्कं माहीत असतं, दहाव्या सभेपर्यंत तो खरोखर विसरलेला असतो. टाळ्यांनी माणूस विसरतो. तेव्हा ढोंगी कोण आणि आंधळा कोण, या शोधात रात्री घालवू नकोस. त्यातून हाती काही लागत नाही.

उलट मला तुझ्या पत्रात एक गोष्ट सापडली नाही, आणि तिनेच मी बेचैन झालो. विरोधकांवरचा तो आरोप खरा आहे की खोटा? चार पानं लिहिलीस, त्याबद्दल एक अक्षर नाही. मुद्दे तूच काढले होतेस ना?

दोन खाती असतात, मुली. एक समोरच्याचं, एक आपलं. दोन्ही स्वतंत्र लिहायची, स्वतंत्र तपासायची. एकातली रक्कम दुसऱ्यात वळती करायची नाही. मला एवढंच येतं आणि एवढंच मी शिकवू शकतो.

अमेरिकेत न्यूट गिंग्रिच नावाच्या खासदाराने प्रतिनिधीगृहाचे सभापती जिम राइट यांच्यामागे नीतिनियमांच्या भंगाची चौकशी लावली. राइट यांनी स्वतःच्या पुस्तकाच्या घाऊक विक्रीतून सभासदांच्या बाहेरच्या उत्पन्नावरची मर्यादा चुकवल्याचा आरोप त्यात होता. १९८९ मध्ये राइट पायउतार झाले. पुढे गिंग्रिच स्वतः सभापतीच्या खुर्चीत जाऊन बसले, आणि जानेवारी १९९७ मध्ये त्याच सभागृहाने ३९५ विरुद्ध २८ मतांनी नीतिनियमांच्या भंगासाठीच त्यांच्यावर ठपका ठेवला, तीन लाख डॉलर भरायला लावले. लोक ही गोष्ट ‘चोराच्या उलट्या बोंबा’ म्हणून सांगतात आणि हसतात. मला हसू येत नाही. गिंग्रिच तसे निघाले म्हणून राइट यांचं पुस्तक धुतलं गेलं का? आणि एक पुढचं सांगू? ज्याने स्वतः त्या वाटेने पावलं टाकलेली असतात, त्याला दुसऱ्याच्या पाऊलखुणा चटकन दिसतात. कुठल्या रकान्यात पैसा लपतो हे लपवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून चोराची बोंब पुष्कळदा खरी असते!

याहून भयंकर दाखला रशियातल्या कातिनचा. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि इतर कैदी गोळ्या घालून मारले. १३ एप्रिल १९४३ ला कातिनच्या जंगलातल्या सामूहिक कबरींची बातमी जगाला कुणी सांगितली? नाझींच्या रेडिओने. लाखोंच्या संहाराचे गुन्हेगार दुसऱ्याकडे बोट दाखवत होते. सांगणाऱ्याचं तोंड बघितलं तर कान झाकून घ्यावेसे वाटतील. आणि ते खरं बोलत होते. सोव्हिएत सरकारने उलटा आरोप नाझींवरच केला, परागंदा पोलिश सरकारशी संबंध तोडले, कारण त्या सरकारने रेड क्रॉसकडे चौकशी मागितली होती. फक्त चौकशी! युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्युरेंबर्गच्या खटल्यातही सोव्हिएत वकिलांनी हा गुन्हा जर्मनांच्या नावे मांडला. निकालपत्रात त्याचा उल्लेखही आला नाही. कबुली यायला १३ एप्रिल १९९० उजाडावा लागला. सत्तेचाळीस वर्षं, नेमकी तीच तारीख. तेवढी वर्षं मारल्या गेलेल्यांच्या बायकामुलांना सांगितलं जात होतं की हा आरोप नाझींचा आहे, म्हणून तोंडी आणू नका. ज्यांनी विचारलं त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी खातं आरोप करणाऱ्याच्या नावाने नाही, मेलेल्यांच्या नावाने उघडलं.

हे हत्यार किती जाणूनबुजून चालवलं जातं हे बघायचं तर रवांडा बघ. १९९४ च्या वंशसंहारानंतर बुतारे भागात प्रचाराविषयीचं एक टिपण सापडलं. त्यात ‘आरशातला आरोप’ असं तंत्र सांगितलं होतं: आपण जे करायच्या तयारीत आहोत, तेच शत्रू करणार आहे असं सांगा.

मग हे चालतं कसं? २००१ मध्ये रकर आणि प्रॅटकॅनिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी चार प्रयोगांतून दाखवलं की आरोप केल्याने समोरच्यावरचा दोष वाढतो आणि करणाऱ्यावरचा कमी होतो, त्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा असली तरीही. मला त्यात नवल वाटलं नाही. जो आधी बोलतो त्याचा आरोप, जो नंतर बोलतो त्याची पळवाट. पण खरा फायदा आणखी पुढे असतो. ऐकणारा कंटाळून म्हणतो, सगळे सारखेच. म्हणजे त्याने दोन्ही रकमा एकमेकींत वळत्या केल्या आणि शिल्लक शून्य काढली. दोषी माणसाला जिंकायचं नसतंच, त्याला हे शून्य हवं असतं. आणि तुझी ती शेवटची ओळ त्याला तेच शून्य फुकटात देते.

आता माझं. एकदा आमच्यावर देणग्या लपवल्याचा आरोप झाला. आरोप करणाऱ्या पक्षाचे स्वतःचे हिशेब कित्येक वर्षं सादर झालेले नव्हते. मी तासाभरात निवेदन लिहिलं, ‘आधी स्वतःचे हिशेब दाखवा’. देणग्या लपवल्या होत्या, मला माहीत होतं. निवेदन जोरात चाललं. आठवड्याने आमच्या देणग्यांबद्दल कुणी विचारेना, त्यांच्या हिशेबांबद्दलही विचारेना. दोन्ही खाती एकदम बंद. आमच्या कार्यालयात हिशेब बघणारा एक तरुण त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाला, “म्हणजे आता त्यांचंही सुटलं.” महिनाभरात तो निघून गेला. मी राहिलो. राहिलो म्हणून पुढच्या वर्षीपासून आमचे हिशेब वेळेवर आणि पुरते गेले, ते मी भांडून घडवून आणलं. हे मी स्वतःची समजूत घालतोय असं तुला वाटेल. वाटू दे. कुणीतरी आत राहून रकाने भरायचे असतात. तो गेला, त्याचे हात स्वच्छ राहिले. रकाने मी भरले. अर्थात, ते निवेदनही मीच लिहिलं होतं.

तेव्हा रडत बसू नकोस, काम कर. विरोधकांवरच्या आरोपाचे कागद पुन्हा काढ आणि तो टिकतो का बघ. टिकत असेल तर तो सोडायचा नाही, तुमचा नेता कसाही असो. मग मेहुण्याचा आदेश काढ आणि लेखी टिपण वर पाठव की हा आरोप आपल्यावर आला तर उत्तर काय. नीतीची भाषा तिथे पोचणार नाही, धोक्याची पोचेल. गिंग्रिचची गोष्ट त्यासाठी वापर. टिपणाची तारीख घाल, प्रत स्वतःकडे ठेव. उत्तर काय येतं यावरून राहायचं की जायचं ते तुझं तुला कळेल.

रविवारी फोन कर, सकाळी. दुपारी मी झोपलेला असतो. आणि तो मेहुण्याचा कागद मला पाठवू नकोस. मी तो वाचायला घेईन, आणि दुसऱ्या परिच्छेदापर्यंत माझ्या डोक्यात ‘समोरच्यांनी काय केलं’ याची यादी सुरू झालेली असेल.