तीन फेजचा जनरेटर, एक फेजचं घर

प्रश्न : पूर्व भागात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना होता. माग विकले, पण १० केव्हीएचा तीन फेजचा डिझेल जनरेटर अजून शेडमध्ये आहे. घराला मीटर सिंगल फेजचं. सासऱ्यांना रात्री ऑक्सिजनचं मशीन लावावं लागतं, त्यामुळे उन्हाळ्यात लाइट गेली की जीव टांगणीला लागतो. वायरमन म्हणतो, जनरेटरच्या तिन्ही फेजच्या वायरी एकत्र जोडून घराच्या मेनला देतो, म्हणजे पूर्ण पॉवर मिळेल. करू द्यावं का?
— एक भगिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, नाही. आधी त्या वायरमनला थांबवा. मी आयुष्यभर मागाच्या कारखान्यांच्या मोटारी आणि पॅनेलं जोडली आहेत, आणि हा सल्ला ऐकला की मला आजही धडकी भरते.

तिन्ही फेजमध्ये एका क्षणी सारखाच दाब, म्हणजे व्होल्टेज, कधी नसतो. एक चढत असतो तेव्हा दुसरा उतरत असतो, प्रत्येकात १२० अंशांचं अंतर. म्हणून फेज आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, यांच्यात २४० व्होल्ट दिसतात, पण कुठल्याही दोन फेजमध्ये ४१५ भरतात. त्या वायरी एकत्र आल्या की सरळ शॉर्टसर्किट. ब्रेकर वेळेत पडला तर ठीक, नाहीतर वायंडिंग, म्हणजे जनरेटरच्या आतली तारांची गुंडाळी, जळतं आणि समोर उभ्या माणसाला भाजतं.

आणि पूर्ण पॉवर लागते कशाला? १० केव्हीए ही जनरेटरची एकूण क्षमता. तिचे तीन भाग केले तर एका फेजला ३.३ केव्हीए, म्हणजे साधारण १४ अँपिअर येतात. घरचा हिशेब करा : ऑक्सिजनचं मशीन ३५० वॅट, फ्रिज आणि कूलर दोनदोनशे, चार पंखे ३००, दिवे आणि टीव्ही दीडशे. सगळं मिळून बाराशे वॅट. जनरेटरमध्ये एक स्क्रूही न हलवता हे घर एका फेजवर चालतं.

पाण्याची मोटर असेल तर ती त्याच फेजवर घेऊ नका. १ एचपीची मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढते. तेवढ्या झटक्यात व्होल्टेज खाली बसतं आणि मशीनचा अलार्म वाजतो. मोटर दुसऱ्या फेजवर, तिच्या स्वतःच्या न्यूट्रलसह वेगळी जोडा.

न्यूट्रलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घरं जळतात ती इथे. दोन-तीन फेजवर भार असताना सामाईक न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर एका फेजवरची उपकरणं दुसऱ्या फेजवरच्या उपकरणांशी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडली जातात आणि ४१५ व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्याचा भार हलका, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. मोटर चालू आणि पलीकडे फक्त टीव्ही असेल तर टीव्ही क्षणात जातो. त्या जागी सासऱ्यांचं मशीन असेल तर काय, हे वेगळं सांगायला नको. म्हणून न्यूट्रलची वायर फेजइतकीच जाड हवी, तिच्यात फ्यूज नको, टोकाला लग, म्हणजे वायर स्क्रूखाली पकडणारा धातूचा तुकडा, नीट दाबलेला हवा. एका स्विचबोर्डात दोन फेज आणू नका.

मेनला चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे घर एका वेळी महावितरणच्या लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा स्विच. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा. नुसता मेन बंद करून जनरेटर चालवायची सवय काही घरांत आहे. कुणी चुकून मेन टाकला तर वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी ११ हजार व्होल्टच्या लाइनवर चढते. खांबावरचा महावितरणचा माणूस लाइन बंद आहे असं समजून तिला हात लावतो. चेंजओव्हरमध्ये हे होऊच शकत नाही.

जनरेटरच्या बॉडीला दोन आणि न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थिंग हवेत. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा खड्ड्यात पाणी घालत राहा.

अजून एक तपासणी. व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर बहुधा एक-दोन फेजकडेच पाहतो. भार दुसऱ्याच फेजवर असेल तर तिथलं व्होल्टेज घसरतं. भार टाकून तिन्ही फेज मीटरने मोजा आणि जिथे २३० ते २४० टिकतं तिथे घर घ्या.

अल्टरनेटरची, म्हणजे जनरेटरच्या वीज तयार करणाऱ्या भागाची, बारा टोकं बाहेर आणलेली असतील तर ती नव्याने जोडून तो सिंगल फेज करता येतो. तरी क्षमता दोन तृतीयांशाच्या आसपासच राहते, आणि एव्हीआरची जोडणीही बदलावी लागते. हे रिवायंडिंगवाल्याचं काम आहे, आणि तुमच्या भाराला त्याची गरज नाही.

माझं मत विचाराल तर रात्रीच्या मशीनसाठी जनरेटरवर विसंबू नका. कुणीतरी उठून शेडपर्यंत जाणार, इंजिन सुरू करणार, तेवढा वेळ सासऱ्यांनी कसा काढायचा? फक्त त्यांच्या मशीनसाठी शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच वीज देणारा, इन्व्हर्टर घ्या. १५० एएचची चांगली बॅटरी तीनेक तास निभावते. डॉक्टरांना विचारून एक भरलेला सिलिंडरही घरात ठेवा. जनरेटर मग लाइट अर्धा दिवस गेली तर. १० केव्हीएचं इंजिन रोज बाराशे वॅटवर चालवलं तर डिझेल नीट जळत नाही आणि सायलेन्सरमध्ये काजळी, तेल साचतं. चालवाल तेव्हा इस्त्री, गिझर, मोटर अशी कामं त्याच वेळात, पण एकेक करून उरका.

शेड घराला लागून असेल तर सायलेन्सरचा पाइप छपराच्या वर न्या आणि सासऱ्यांच्या खोलीची खिडकी त्या बाजूला नाही ना, ते पाहा. या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जोडणी परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट लिहून घ्या.